प्रौढ एक

धाकटीला सगळे धाकटीच म्हणत, अगदी तिचे गुडघे कुरकुरायला लागले तरी. तिच्या वर एक ताई होती, अडीच वर्षांनी मोठी, आणि त्या अडीच वर्षांत ताईने जगातलं सगळं आधी वापरून ठेवलं होतं. फ्रॉक ताईचे, दप्तर ताईचं, बूट ताईचे, पुढे कापूस कोंबून. पुस्तकंही ताईचीच, आणि त्यातल्या गणितांची उत्तरं ताईने पेन्सिलीने लिहूनच ठेवलेली. गावात सर्कस आली की ताई आदल्या दिवशी जाऊन यायची आणि हत्ती कधी बसतो, विदूषक कधी पडतो, सगळं सांगून मोकळी व्हायची. धाकटी सर्कशीत बसली की विदूषक पडायच्या आधीच तिला कळलेलं असायचं, आता हा पडणार. ताई वाईट नव्हती हो. तिच्या पोटात काही राहायचं नाही, एवढंच.

म्हणून लग्न ठरलं आणि होणाऱ्या नवऱ्याने विचारलं की तुला काय हवं, तेव्हा हिने ना दागिना मागितला ना कपडा. ती म्हणाली, मला आधी कोणी सांगितलेलं नसेल असं काहीतरी बघायचंय. नवरा लिफ्ट तपासणारा. शेजारीपाजारी पुढे त्याला लिफ्टसाहेब म्हणायला लागले, पण तेव्हा तो साधा मदतनीस होता. त्याने खिशातला तपासणीचा छापील कागद काढला, कोऱ्या बाजूवर ओळी आखल्या आणि दोघांनी मिळून अकरा ठिकाणं लिहिली. पहिला धबधबा. मग गुहा, वाळूच्या टेकड्या, बर्फ, दोन नद्या मिळतात ती जागा, असं करत करत दहावं डोंगरातलं तळं. अकरावं धाकटीने स्वतःच्या हाताने लिहिलं: जमीन संपते ते टोक. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, तो घर दोनदा बदललं तरी दारासकट बरोबर आला.

नियम एकच होता. प्रत्येक ठिकाण दोघांनी एकदम बघायचं, आणि पहिल्यांदा बघायचं. फोटो बघायचा नाही, कुणाला विचारायचं नाही. हा नियम लिफ्टसाहेबांनी इतका मनावर घेतला होता की टीव्हीवर बर्फ दिसला तरी ते खोलीतून उठून जात. समोरच्या बिऱ्हाडातली मंडळी गुहा बघून आली आणि फोटो घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा साहेबांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले होते. धाकटी हसून हसून बेजार झाली होती. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं ती ताईला फोनवर म्हणाली होती, आणि जरा मुद्दाम म्हणाली होती.

पहिला धबधबा मात्र महागात पडला. शेवळावरून पाय सटकला, गुडघा गेला, आणि पाच दिवस परक्या गावच्या दवाखान्यात पंख्याकडे बघत काढावे लागले. साहेब त्या पाच दिवसांत नीट जेवले नाहीत. कठडा नव्हता, मी बघायला हवं होतं, एवढंच परत परत म्हणत राहिले. त्यानंतरच्या सगळ्या सहली कशा दृष्ट लागण्यासारख्या झाल्या. कुठे किती चढ, कुठे बसायचं, ऊन कधी तोंडावर येतं, सगळं साहेबांना आपोआप सुचायचं. आणि दर ठिकाणी एक क्षण असा यायचा की ते मध्येच थांबायचे, तिचा दंड धरायचे आणि म्हणायचे, अगं थांब, मागे वळून बघ. ती वळायची, आणि खरोखरच समोर काहीतरी जीव दडपून टाकणारं असायचं. बावीस वर्षांत अशी नऊ ठिकाणं झाली. दहावं पुढच्या महिन्यात ठरलं होतं.

धाकटी कपडे धुण्याच्या दुकानात गल्ल्यामागे उभी राहायची. कपडे घ्यायचे, नंबर टाचायचा, खिसे उलटे करायचे. खिशात जे निघेल ते पाकिटात घालून, पाकिटावर कपड्याचा नंबर लिहून, चिकटवून ठेवायचं. त्या दुकानाचा एक जुना नियम होता: बघायचं, पण वाचायचं नाही. लोकांच्या खिशात काय काय निघतं म्हणता. चिठ्ठ्या, दात, एकदा तर घटस्फोटाचा अर्ज, चार घड्या घातलेला. धाकटीने कधी एक ओळ वाचली नाही. आत इस्त्रीला एक काका होते, ते म्हणत की हिच्या जागी मी असतो तर एव्हाना गावातली निम्मी घरं मोडली असती.

दुकानाची एक शाखा बस स्थानकाजवळ होती. तिथे नुसते कपडे गोळा व्हायचे. धुलाईची यंत्रं सगळी इकडे, म्हणून रोज सकाळी तिकडची गाठोडी इकडे यायची. तिकडचे लोक आळशी. खिसे तपासले म्हणून सांगायचे आणि तपासायचे नाहीत. म्हणून धाकटी इथे परत तपासायची.

त्या सकाळी गाठोड्यातून एक करडा कोट निघाला. बाह्यांना लाल माती, पाठीला सुकलेलं गवत. धाकटीने नंबर बघितला, खिशात हात घातला, आणि मग तिची नजर तिसऱ्या बटणावर गेली. चार बटणं काळ्या दोऱ्याने शिवलेली आणि तिसरं निळ्या. ते बटण तुटलं त्या दिवशी घरात काळा दोरा संपला होता, आणि कोण बघतंय म्हणून तिनेच निळ्याने भागवलं होतं.

खिशातून एक तिकीट निघालं. दहाव्या ठिकाणचं, डोंगरातल्या तळ्याचं. तारीख गेल्या रविवारची. गेल्या रविवारी साहेब बाहेरगावी एका इस्पितळाची लिफ्ट बंद पडली म्हणून गेले होते. तिकिटावर छापलं होतं: प्रौढ एक. तिकिटाबरोबर तपासणीचा छापील कागद होता, घडी घातलेला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धाकटीने दुकानाचा नियम मोडला.

अक्षर साहेबांचंच, बारीक आणि सरळ. ‘फाटकापासून पायऱ्या बेचाळीस. कठडा डावीकडे, मजबूत. सतराव्या पायरीवर दगड सैल. बाकडं आहे, सावलीत, अकरा वाजेपर्यंत. उंबराच्या झाडापाशी थांबवायचं, मागे वळायला सांगायचं.’ आणि सगळ्यात खाली, जिथे छापील ‘शेरा’ असतो, तिथे लिहिलं होतं: ‘दीड तास बसलो. फार बरं वाटलं.’

धाकटीने तो कागद तीनदा वाचला. पहिल्यांदा तिला वाटलं की कुणी बाई असेल. तसं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण तिकीट तर एकाचं होतं. तिच्या डोळ्यांपुढून नऊ ठिकाणं सरकली. नऊ वेळा धरलेला दंड, नऊ वेळा ‘अगं थांब’. नाही, आठ वेळा. धबधब्याला कोणी थांबवलं नव्हतं, म्हणून तर पडली. टेकड्यांवर साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते आठवून तिला आत्ता शिसारी आली. समोरच्या बिऱ्हाडाच्या फोटोंपुढे डोळे झाकून उभा होता हा माणूस, आणि त्याआधीच ती गुहा आतून बाहेरून बघून आला असणार. इस्त्रीवाल्या काकांनी विचारलं, काय झालं, चेहरा का असा? ती म्हणाली, काही नाही, बटण सैल आहे. तिने कागद घडी करून पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि कोट धुलाईला लावला.

घरी तिने अवाक्षर काढलं नाही. साहेबांनी स्थानकाजवळच्या शाखेतून कोट आणला, पाकीट कुठेतरी गायब केलं, आणि कोट कपाटात अडकवला, यादीच्या शेजारी. बिचाऱ्याला काय माहीत. बावीस वर्षं त्याने लिफ्टच्या दोरांची तार न् तार तपासली, पण आपला कोट धुवायला कुठे जातो हे विचारायचं त्याला कधी सुचलं नाही.

महिन्याने ते तळ्यावर गेले. धाकटी पायऱ्या मोजत होती. सतराव्या पायरीला साहेबांनी तिचा हात धरला आणि दगड ओलांडवला. बेचाळीस पायऱ्या संपल्या, उंबर आला. साहेब थांबले. त्यांनी तिचा दंड धरला.

“अगं थांब. मागे वळून बघ.”

ती वळली नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. भुवया वर, ओठ जरासे उघडे, सगळं जिथल्या तिथे. माणूस इतका चांगला नट असू शकतो आणि जन्मभर लिफ्टला तेल घालत राहतो, याचं तिला आश्चर्य वाटलं. मग ती चालत जाऊन बाकड्यावर बसली. बाकडं सावलीत होतं. साहेबही येऊन बसले. समोर तळं होतं, डोंगर त्यात उलटे पडले होते, पण दोघांपैकी कोणी बघत नव्हतं. दहा मिनिटांत साहेबांनी घड्याळ बघितलं आणि ऊन येईल, निघू या, असं म्हणाले.

“मागच्या वेळी किती वेळ बसला होतात?” तिने विचारलं.

साहेबांना खोटं बोलता आलं असतं. तेवढं एक त्यांनी केलं नाही.

“दीड तास,” ते म्हणाले.

मग ते बोलायला लागले ते थांबेनातच. धबधब्याच्या दवाखान्यात त्यांनी ठरवलं होतं की पुन्हा आंधळेपणाने हिला कुठे न्यायचं नाही. लिफ्ट दुरुस्त झाली की आधी वाळूची पोती घालून चालवायची, मग आपण एकट्याने बसायचं, आणि मगच लोकांना बसू द्यायचं, ही त्यांच्या कामाची रीत. आपली बायको काय लोकांपेक्षा स्वस्त आहे? सांगितलं असतं तर ती आलीच नसती, नियम नियम करत बसली असती. आणि ती प्रत्येक वेळी किती खूश व्हायची, ते काय खोटं होतं? धाकटी ऐकत होती. त्यातलं काही खोटं नव्हतं, हाच तर ताप होता. बाहेरख्याली नवऱ्याच्या तोंडावर दार आपटता येतं. तुमच्या गुडघ्याची काळजी करून तुमचं सगळं आयुष्य आधी चाखून ठेवणाऱ्या माणसाचं करायचं काय?

“ताईचं सगळं सांगितलं होतं मी तुम्हाला,” ती म्हणाली. “तुम्हाला एकट्याला. तरी तुम्ही माझी ताई झालात.”

साहेबांनी मान खाली घातली. ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली आणि मग जे विचारायचं नव्हतं तेच तिने विचारलं.

“मी नसले की बरं वाटतं?”

“बघता येतं,” साहेब म्हणाले. “तू असलीस की मी तुझे पाय बघतो.”

उतरताना सतराव्या पायरीवर साहेबांनी हात पुढे केला, तो तिने धरला नाही, आणि नीट उतरली.

घरी आल्यावर साहेबांनी कानाला खडा लावला. अकराव्या ठिकाणी ते आधी जाणार नाहीत. चौकशी नाही, नकाशा नाही, काही नाही. धाकटीने आधी म्हटलं, मला आता कुठेच यायचं नाही, फाडून टाका तो कागद. आठ-दहा दिवस ती तशीच घुमी होती. पण टोक तिने स्वतः लिहिलं होतं. दहा ठिकाणं गेली तर गेली, एक अजून कोरं आहे, ते तरी आपलं होईल, असं तिला वाटायला लागलं. आशा ही मोठी निर्लज्ज वस्तू, कितीदा हाकला, परत दारात. तिने ताईला फोन करून सांगितलं की आम्ही टोकावर जातोय, आणि ताईने तोंड उघडायच्या आत फोन ठेवून दिला.

साहेबांनी शब्द पाळला. तो पाळताना त्यांचे जे हाल झाले ते बघवत नव्हते. तीन रविवार ते घरात बसून राहिले आणि घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या तपासून झाल्या. बसमध्ये तर त्यांचे तळवे घामाने ओले झाले. पुढे काय आहे हे माहीत नसताना जायची त्या माणसाची सवयच मोडली होती. धाकटीला खिडकीतून बाहेर बघताना मात्र सर्कशीच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटत होतं, आणि या वेळी विदूषक कधी पडणार हे कोणालाच माहीत नव्हतं.

शेवटचा थांबा आला. तिथून पायवाट, मग खडक, आणि खडकाच्या कडेला लोखंडी कठडा. धाकटी झपझप निघाली. साहेब मागून येत होते आणि सांगत होते, हळू, डावीकडून, तिथे ओलं आहे. ती कठड्याशी पोचली.

तीन बाजूंना पाणी होतं. जमीन खरंच संपली होती. काल्पनिक काही नाही, नकाशातली रेघ नाही, पायाच्या बोटांपुढे खडक होता आणि मग नव्हता. वारा इतका होता की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते वाऱ्याचं की आपलं हे बघायला ती थांबली नाही. असं आहे हे कोणी तिला सांगितलं नव्हतं. पन्नाशीच्या बाईच्या आतून एक लहान मुलगी वर आली आणि गप्प उभी राहिली. मग तिला आठवलं की हे दोघांनी बघायचंय, आणि ती वळली.

साहेब गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी कठड्याच्या खांबाचा नट चिमटीत धरला होता आणि तो हलवून बघत होते. एक डोळा तिच्या चपलांवर.

“वर बघा,” ती म्हणाली.

साहेबांनी मान वर केली. समुद्राकडे बघितलं, पापणी लवायला लागते तेवढा वेळ. मग नजर परत तिच्या पायांवर.

“बघितलं,” ते म्हणाले. “तू जरा मागे ये. हा नट गंजलाय.”

ती मागे आली नाही. ती वळून परत पाण्याकडे बघायला लागली, आणि आणखी बराच वेळ बघत राहिली, कारण आता कोणासाठी थांबायचं नव्हतं. साहेबांनी तेवढ्या वेळात कठड्याचे सगळे खांब तपासून घेतले.

परतीच्या बसमध्ये साहेबांचा जीव भांड्यात पडला होता. ते बोलके झाले. म्हणाले, चला, यादी पुरी झाली. मग तिच्याकडे न बघता म्हणाले की आता वाट कळली, ओलं कुठे, नट कुठला, सगळं कळलं. आता पुन्हा येऊ, म्हणजे मला नीट बघता येईल. फारच छान असणार ते.

‘असणार’ म्हणाले. तिच्या शेजारी, तिथूनच परत येताना.

“तुम्ही जाऊन या,” धाकटी म्हणाली. “एकटे जा.”

साहेब नाही-नाही म्हणाले, असं कसं, असं म्हणाले. पण शुक्रवारी ते गाडीचं वेळापत्रक बघत होते, आणि रविवारी सकाळी करडा कोट घालून निघाले. दारात बूट घालताना ते शीळ वाजवत होते. बावीस वर्षांत धाकटीने त्यांची शीळ ऐकलेली नव्हती. ती बहुधा बस स्थानकात पोचल्यावरच सुरू व्हायची. धाकटी दार लावून आत आली, कपाट उघडलं, आणि यादीतल्या अकराव्या ओळीवर आडवी रेघ मारली. बाकीच्या दहा रेघा साहेबांनी मारलेल्या होत्या.

सोमवारी दुपारी साहेब तिच्या दुकानात आले. स्थानकाजवळच्या शाखेत नाही, इथे, तिच्या गल्ल्यासमोर. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. चेहरा उन्हाने भाजलेला, आणि त्यावर असं काही समाधान की धाकटीला तो माणूस क्षणभर अनोळखी वाटला. त्यांनी कोट गल्ल्यावर ठेवला. पाठीला खडकावरचं मीठ पांढरं वाळलं होतं.

“खिशात आहे,” ते म्हणाले. “तुझ्यासाठी लिहिलंय. वाच.”

धाकटीने खिसा उलटा केला. तिकीट निघालं, प्रौढ एक. घडी घातलेला छापील कागद निघाला, आणि या वेळी तो दोन्ही बाजूंनी भरलेला होता, शाई मागून उमटलेली दिसत होती. आत इस्त्रीवाल्या काकांची इस्त्री थांबली. साहेब गल्ल्यावर हात ठेवून वाट बघत होते, हत्ती कधी बसतो ते सांगायला आलेल्या ताईसारखे.

तिने तिकीट आणि कागद पाकिटात घातले. पाकीट चिकटवलं, वर नंबर लिहिला, आणि कोटाला चिठ्ठी टाचली. मग पावतीचा अर्धा भाग फाडून तिने साहेबांपुढे सरकवला.

“गुरुवारी मिळेल,” ती म्हणाली, आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली.